शटरवरची लक्ष्मी

दिघोरीहून आम्ही बोलतोय, बचत गटाच्या समन्वयक. हप्ता, व्याज, बँकेचं खातं हे विषय आज बाजूला ठेवायचं ठरवलं होतं. पण बोलता बोलता गाडी शेवटी आपल्या रजिस्टरापाशीच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सुरुवात एका चित्रापासून करू.

लक्ष्मीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पाण्यात कमळ, कमळावर उभी असलेली देवी, अंगावर भरजरी साडी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळं, मागे सोंडेत हार घेतलेला हत्ती. किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे हीच असते, सोनाराच्या कॅलेंडरवर हीच, मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पोथीवरही हिचीच बहीण शोभेल अशी कुणीतरी. ज्यांच्या घरी भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत त्यांनीही ती दुकानात शंभर वेळा पाहिलेली आहे. गटांची नावं काढा, महालक्ष्मी, धनलक्ष्मी, वैभवलक्ष्मी. एकेका तालुक्यात किती निघतील कोण जाणे.

हे रूप अगदी पुराणकाळापासून असंच चालत आलं असं आपल्याला वाटतं. देवी जुनी आहे, पण हे रूप तसं नाही. आपल्या विदर्भात भादव्यात ज्या महालक्ष्म्या बसतात त्या आठवा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. मुखवटे, आत धान्य, वर नेसवलेलं लुगडं, पुढे आंबील आणि सोळा भाज्या. तिथे हत्ती नाही, तळं नाही. कॅलेंडरवरची लक्ष्मी वेगळ्या वाटेनं आली. ती छापखान्यातून आली, आणि तो छापखाना आपल्याच महाराष्ट्रात होता.

केरळातल्या किळिमानूर गावी १८४८ साली राजा रविवर्मा जन्मले. तैलरंगात, म्हणजे तेलात कालवलेल्या रंगात, साहेबी पद्धतीनं चित्र काढायला ते शिकले आणि त्या पद्धतीनं त्यांनी आपल्या पुराणातल्या बाया रंगवल्या. दमयंती, शकुंतला, सीता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून मोठी पौराणिक चित्रं करून घेतली. पण ती राजवाड्यात. सामान्य माणसानं ती बघायची कुठून? म्हणून १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मनीहून आणलेले. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा, कागदावर एकावर एक रंग चढवत जायचं, शेवटी असा तकाकता कागद निघायचा की हातानं रंगवलेलं चित्र वाटावं. पुढे १८९९ च्या सुमारास हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धंदा काही रविवर्म्यांना जमला नाही, कर्ज झालं, आणि तिथल्याच एका जर्मन तंत्रज्ञानं, फ्रिट्झ श्लायशरनं, तो विकत घेतला. सिनेमाचे दादासाहेब फाळके आहेत ना, त्यांनीही सिनेमाच्या आधी या छापखान्यासाठी काम केलेलं होतं. १९७२ साली तिथे मोठी आग लागली आणि सगळं जळालं. तोवर लक्ष्मी, सरस्वती घरोघरी पोचून गेल्या होत्या.

ही लहान गोष्ट नव्हती. त्या काळी देवळाची पायरी चढायला कितीतरी जातींना बंदी होती. छापलेली देवी काही आण्यांत मिळू लागली आणि झोपडीतही तिला खिळा ठोकता आला. देव पुजाऱ्याच्या हातून थोडा तरी सुटला तो कागदावर छापला गेला तेव्हा, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक गंमत आहे, ती पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात क्वचित येते. बाया ही चित्रं विकत घेऊन नुसती टांगत नव्हत्या. त्या चित्रातल्या देवीला खरी साडी नेसवायच्या. कापडाचे तुकडे कापून चिकटवायच्या, जर लावायच्या, टिकल्या, मणी शिवायच्या. अशी सजवलेली जुनी चित्रं आज संग्राहकांनी जपून ठेवली आहेत. चेहरा रविवर्म्यांचा, पण पदर कुठल्या तरी अनाम बाईच्या सुईचा. दुसऱ्यानं केलेलं नावाजलेलं चित्र घ्यायचं आणि त्यावर आपलं काम करायचं, ही रीत आज मोठमोठ्या दालनांत कला म्हणून मिरवते. ती आपल्या आज्यांनी दुपारच्या फावल्या वेळात केलेली होती.

आता त्या आजच्या चित्रकाराकडे येऊ. नाव अतुल दोडिया. जन्म १९५९, मुंबईतल्या घाटकोपरचा. घर गुजराती, पण वाढणं सगळं मुंबईतलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९८२ साली शिकून बाहेर पडले, पुढे १९९१-९२ मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला राहून आले. त्यांच्या पत्नी अंजू दोडिया याही नावाजलेल्या चित्रकार आहेत. (बाईचं नाव असं कंसात जातं नेहमी, म्हणून इथे मुद्दाम सांगतो की त्यांच्यावर एक वेगळं बोलणं करायचं आहे.)

दोडियांचं वेड असं की त्यांना दुसऱ्यांची चित्रं फार आवडतात. जगभरच्या मोठ्या चित्रकारांनी काढलेली, पुस्तकांत छापलेली, सगळ्यांना पाठ झालेली चित्रं ते उचलतात आणि आपल्या चित्रात वेगळ्याच जागी आणून बसवतात. 'बाजीगर' सिनेमा आठवतो ना? त्याच्या पोस्टरवर काळा चष्मा लावलेला शाहरुख होता. दोडियांनी १९९४ साली त्या थाटात स्वतःलाच रंगवलं आणि चष्म्याच्या काचांत आपल्या आवडीचे दोन चित्रकार दाखवले, बडोद्याचे भूपेन खक्कर आणि इंग्लंडचे डेव्हिड हॉकनी. हिरो होऊन उभं राहायचं आणि डोळ्यांत गुरू ठेवायचे.

त्याहून धीट काम १९९८ चं. रविवर्म्यांचं 'गंगावतरण' म्हणून एक चित्र आहे. शंकर कमरेवर हात ठेवून वर बघत उभा आहे आणि आकाशातून गंगा उतरते आहे. दोडियांनी शंकर तसाच घेतला, पण गंगेच्या जागी भलतीच बाई उतरवली. ही बाई फ्रान्सच्या मार्सेल द्युशाँ यांच्या १९१२ सालच्या चित्रातली, जिना उतरणारी विवस्त्र स्त्री. नाव ऐकून कुणी दचकू नका. त्या चित्रात उघडं अंग असं दिसतच नाही. पत्र्याच्या कापलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात तशी हालचाल तेवढी दिसते. पॅरिसमध्ये ते प्रदर्शनातून मागे घ्यायला लावलं होतं, १९१३ साली न्यूयॉर्कला लोकांनी त्याची खिल्ली उडवली, वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रं काढली. आज तेच चित्र आधुनिक कलेच्या इतिहासात मानाच्या जागी आहे. आणि मुंबईचा एक चित्रकार म्हणतो, वरून काहीतरी उतरायचंच आहे तर हीही उतरू दे. शंकर झेलायला उभा आहेच.

गांधीजींवरही त्यांनी खूप चित्रं केली. १९९९ साली मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं, त्यात गांधीजींना त्यांनी अहिंसेचा कलावंत म्हटलं होतं. बापूंचं आणि आपलं नातं सेवाग्राममुळे घरचं, म्हणून हे एक चित्र सांगतोच. जर्मनीचे कलावंत जोसेफ बॉइस १९७४ साली न्यूयॉर्कच्या एका दालनात रानटी कोल्ह्यासारख्या एका जनावराबरोबर तीन दिवस राहिले, अंगाभोवती जाड घोंगडं आणि हातात काठी. जगभर गाजलेला प्रयोग आहे तो. दोडियांनी त्या दालनात बापूंना नेऊन ठेवलं. चित्राच्या नावातच दालन आणि १९७४ साल घातलं. बापू तर १९४८ सालीच गेले. पण काठी, पंचा आणि समोर उभं असलेलं भय, यांची सवय बापूंइतकी कुणाला होती?

आता कुणी म्हणेल, ही तर नक्कल झाली. गटात हे बोलणं निघालं तेव्हा एक बाई म्हणाल्या, मग आपल्या झाडीपट्टीत काय होतं? खरंच. शंकरपट झाला की रात्री नाटक. कंपनी वडशाहून येते, नाटक कितीदा पाहिलेलं असतं, कथा तोंडपाठ असते, तरी थंडीत शाल गुंडाळून आपण पहाटेपर्यंत बसतो. कथा कळावी म्हणून नव्हे. या खेपेला ही नटी त्या जागी काय करते, ते बघायला. रामायण तरी एकानं सांगून संपलं का? जात्यावर बसलेल्या बायांनी सीतेला आपापल्या सासुरवासाचं दुःख दिलं. नक्कल आणि नव्यानं सांगणं यांत फरक इतकाच की नकलेत सांगणाऱ्याचं काहीच गुंतलेलं नसतं.

याच्या अगदी उलट टोकाचा माणूस आपल्या नागपूरला जन्मला होता, त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४. तेही जे. जे. मध्येच शिकले. त्यांनी चित्रातून माणूस, देव, झाड, सगळं हळूहळू काढून टाकलं. रोलर आणि पट्टीनं रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, पुन्हा द्यायचा, एवढंच. बघणारा विचारतो, यात आहे काय? पण ज्या बाईनं ओल्या सारवणावर उन्हाची तिरीप पडलेली पाहिली आहे तिला हा प्रश्न पडू नये. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते हयात नव्हते. गायतोंड्यांनी चित्र रिकामं केलं. दोडियांनी त्यात अख्खा बाजार परत आणून भरला. आम्हाला दोन्ही पटतात, पण बोलायला सोपा पडतो तो बाजार.

आणि बाजारात शटर असतं.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्या दिवसांत मुंबईची दुकानं धडाधड बंद होत. शटर खाली येतानाचा तो आवाज भीतीचा आवाज झाला. साकोली-लाखांदूरच्या बाजारात बंदच्या दिवशी आपणही तो ऐकतो, पण तिथल्या आवाजामागे माणसं मरत होती. दोडियांनी पुढे हे शटरच चित्रासाठी घेतलं. दुकानाला असतं तसंच लोखंडी, वर-खाली होणारं, त्यावर पाटी रंगवायचा ऑइलपेंट. अशी शटरं २००१ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात मुंबईवरच्या प्रदर्शनात मांडली गेली. बाहेर एक चित्र, शटर उचललं की आत दुसरं. नाटकातला राजवाड्याचा पडदा वर गेला की मागे जंगल दिसतं, तसंच.

२००२ सालच्या शटरचं नाव 'महालक्ष्मी'.

शटर खाली असलं की त्यावर देवी दिसते. आपली ओळखीची, कॅलेंडरच्या वळणाची, रविवर्म्यांच्या छापखान्यानं जे रूप घराघरांत रुजवलं त्याच कुळातली. प्रसन्न चेहरा, सोनं, वैभव. बंद दुकानावर लक्ष्मी असणं यात काही वावगं नाही. मालक सकाळी येतो, शटरला हात लावून नमस्कार करतो आणि मग उचलतो.

हे शटर उचललं की आत तीन मुली आहेत. तीन बहिणी. त्या जिवंत नाहीत.

१९८८ साली कानपूरमध्ये तीन सख्ख्या बहिणींनी एकाच वेळी आपला जीव संपवला होता. घरची परिस्थिती बेताची, वडिलांना हुंडा देणं जमत नव्हतं, म्हणून लग्नं ठरत नव्हती. बापाच्या डोक्यावरचं ओझं व्हायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. तो फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला, लोक हळहळले, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दुसरी बातमी आली. चौदा वर्षांनी ते दुःख लक्ष्मीच्या पाठीमागे रंगवलेलं सापडतं.

आम्ही हे चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पुस्तकात आणि मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलं. तरी सभेत फोन हातोहात फिरला तेव्हा बोलणं थांबलं. मग एका मावशींना राग आला. देवीचा अपमान आहे हा, त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं आम्ही उडवून लावलं नाही, कारण ते मनापासून होतं. दुसऱ्या एकीनं विचारलं, लेक झाली की आपण काय म्हणतो? लक्ष्मी आली. सून उंबऱ्यावरचं माप ओलांडते तेव्हा? लक्ष्मीच्या पावलांनी ये. मग तीच लेक उजवायला निघालो की खर्च कशी होते? मावशी यावर काही बोलल्या नाहीत. पण त्यांचा राग गेला असंही नाही.

आम्हाला वाटतं, चित्रकारानं लक्ष्मीची थट्टा केलेली नाही. त्यानं तिच्याकडे बघायला लावलं, एवढंच. रोज समोर असलेलं चित्र आपल्याला दिसेनासं होतं. भिंतीवरची लक्ष्मी शेवटची नीट कधी पाहिली होती? पुसायला काढतो, हार घालतो, परत टांगतो. तिच्यामागे भिंत आहे की आणखी काही, हे बघायला तिला कुणीतरी हलवावं लागतं.

बंगळुरूच्या पुष्पमाला एन. या कलावंत बाईंनी तर चित्र हलवलं नाही, त्या स्वतःच त्यात जाऊन उभ्या राहिल्या. २००० ते २००४ या काळात छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर त्यांनी दक्षिण भारतातल्या बायांची गाजलेली चित्रं स्वतःवर उतरवून फोटो काढले. त्यात रविवर्म्यांची लक्ष्मीही होती. सेट रंगवला, मुकुट चढवला, कमळं हातात घेतली. तो फोटो बघताना पहिल्यांदा जाणवतं की अशा पोझमध्ये हाडामांसाच्या बाईचे खांदे किती दुखत असतील.

आता रजिस्टर.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे. कानपूरच्या त्या बहिणी गेल्या तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि १९८४, १९८६ मध्ये दुरुस्त्या होऊन कडकही झाला होता. त्यात हुंडा घेणाऱ्याला शिक्षा आहे तशी देणाऱ्यालाही आहे. निदान पाच वर्षं कैद आणि निदान पंधरा हजार रुपये दंड, किंवा हुंड्याची रक्कम त्याहून मोठी असेल तर तेवढा. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच हुंडा हा शब्द आपल्याकडे कुणी उच्चारत नाही. आंदण म्हणतात. मानपान म्हणतात. पोराला धंद्याला हातभार म्हणतात. गाडी तर 'पोरीलाच फिरायला' असते.

आणि पैसा येतो कुठून? धान विकलेलं असतं, पण चुकारे हातात आलेले नसतात. मुलाकडचे तारखेला अडून असतात. सावकाराचं व्याज परवडत नाही. मग गट आठवतो. अंतर्गत कर्जाच्या रजिस्टरात 'कारण' असा एक रकाना आहे. त्यात आम्हाला वर्षानुवर्षं काय दिसतं? शेळीपालन. शेती. घरदुरुस्ती. किराणा दुकान. यांतलं बरंच खरं असतं. पण काही शेळ्या गोठ्यात कधी येत नाहीत, हे सभेत बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं. कर्ज घेणारी गप्प, देणाऱ्या गप्प. हप्ता वेळेवर येतो ना, मग झालं. अनेकदा तो येतोही. ज्या आईनं मुलीच्या आंदणासाठी उचल केली तीच रोवणीला दुसऱ्याच्या बांधीत चिखलात वाकून तो फेडते.

लग्नासाठी कर्ज देऊच नये, असं आम्ही म्हणत नाही. मांडव पडतो, पाहुणे जेवतात, त्याला पैसा लागतोच. गटानं नाही म्हटलं तर ती सावकाराकडे जाईल आणि मग तिचं मरण. प्रश्न रकान्यात खरं लिहायचं की नाही, एवढाच आहे. 'लग्न' असं लिहिलं तर पुढे विचारता येतं, कशाला किती? जेवणाला इतके, कपड्याला इतके, आणि उरलेले कुणाला? हे विचारायला सात-आठ जणी समोर असल्या तर एकट्या आईला मुलाकडच्यांपुढे बोलायला थोडं बळ येतं. गटानं मंजूर केलं नाही, असं सांगता येतं. नाव गटाचं होतं, तोंड तिचं वाचतं. आणि ज्या घरात लेकीला खरंच त्रास आहे, तिथे १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे, तो लागतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

यावर आमच्याकडे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, खरं लिहिलं तर बाया कर्ज मागायलाच लाजतील, बँकेचे साहेब तपासणीला आले तर काय म्हणतील. दुसरा म्हणतो, शेळी लिहून आपण कुणाला फसवतो? मोबाइलवरचं ते शटर बघितल्यापासून दुसऱ्या तटात तिघी वाढल्या. चिडलेल्या मावशी अजून पहिल्यातच आहेत, आणि त्या गटाच्या सर्वांत जुन्या सभासद, त्यांच्या मताला वजन आहे. ठरावाचा मसुदा लिहून ठेवला आहे. येत्या मासिक सभेत तो वाचला जाईल, रोवणी आटोपलेली असली तर.